शाळेच्या पिण्याच्या पाण्यात शिसं आहे का, कसं तपासायचं

सगळ्यात आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) बाजूला ठेवा, शिसं त्यात कळत नाही. मीटर पाण्यातल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतो तोही मिलिग्रॅममध्ये, आणि शिशाचा हिशोब मायक्रोग्रॅममध्ये चालतो म्हणजे हजारपट बारीक. रंग वास चव काहीच नाही, त्यामुळे "पाणी तर स्वच्छ दिसतंय" हेही सोडून द्या. सॅम्पल लॅबलाच पाठवावं लागतं.

आणि टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होऊ नका. शिसं बहुतेक वेळा बिल्डिंगच्या आतच मिसळतं, जुने पाइप, सोल्डरचे जोड, पितळी नळ, यातून. शेजारशेजारच्या दोन नळांचे आकडे पण एकदम वेगळे येऊ शकतात. म्हणून मुलं जिथे जिथे पाणी पितात, बाटल्या भरतात ते सगळे नळ, कुलर, किचनचा नळ, प्रत्येकाला नंबर द्या आणि तोच नंबर बाटलीवर टाका. एका नळाचं सॅम्पल घेऊन अख्ख्या शाळेचा निकाल लावणं म्हणजे टेस्ट न केल्यासारखंच.

आता खरा खेळ सॅम्पल घेण्याचा, इथेच बहुतेक जण गडबड करतात. पाणी पाइपात किमान ८ तास पडून असायला हवं पण १८ तासांपेक्षा जास्त नको, म्हणजे सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी कोणी यायच्या आधी घ्या. शिपाईकाकांना, सफाईवाल्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळी कोणीतरी बादली भरतं आणि सगळं मुसळ केरात. लॅबने दिलेली २५० मिलीची रुंद तोंडाची बाटली घ्यायची, थंड पाण्याचा नळ, आणि नळातून येणारं पहिलंच पाणी धरायचं. "आधी जरा सोडून देऊ" असं अजिबात नाही, त्या पहिल्या पाण्यातच तर नळाचं शिसं असतं!! नळाच्या तोंडाची जाळी आदल्या दिवशी साफ करायची नाही, आणि नळ नेहमीसारखाच सोडायचा, बारीक धार ठेवली तर शिशाचे सुटलेले कण कमी येतात. सुरुवात पाणी बिल्डिंगमध्ये जिथून आत येतं त्याच्या जवळच्या नळापासून करा, कारण लांबचा आधी सोडला तर मधल्या पाइपातलं पाणी पण हलतं.

मग ३० सेकंद पाणी सोडून दुसरी बाटली. पहिली खराब, दुसरी चांगली, तर दोष बहुधा नळात किंवा त्याच्या जोडात. दोन्ही खराब असतील तर भिंतीच्या आतले पाइप बघावे लागतील.

रिपोर्टमध्ये युनिट नीट बघा. ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच १० मायक्रोग्रॅम, म्हणजेच १० पीपीबी (अब्ज भागांत १० भाग). जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा हाच आहे पण ती सुरक्षित पातळी नाही हं, पाणी शुद्ध करणं आणि मोजणं व्यवहारात कितपत जमतं ते बघून ठरवलेली आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर शाळेच्या नळांसाठी १ पीपीबी म्हणते. त्यामुळे रिपोर्टवर "आढळलं नाही" लिहिलं असेल तर लॅब किती खालपर्यंत मोजू शकते ते विचारा, त्यांची मर्यादाच १० असेल तर त्या वाक्याला अर्थ नाही. आयसीपी-एमएसवर (अगदी बारीक प्रमाणातले धातू मोजणारं लॅबचं यंत्र) टेस्ट करून मागितली तर हा प्रश्न सहसा येत नाही.

आकडा जास्त आला तर तो नळ त्याच दिवशी मागून व्हॉल्व्ह लावून बंद करा, नुसती चिठ्ठी चिकटवून लहान मुलं ऐकत नसतात. उकळून उपयोग नाही, पाणी उडतं शिसं तिथेच राहतं. यूव्ही पण फक्त जंतूंसाठी. आरओ किंवा खास शिशासाठी सर्टिफाइड फिल्टर चालतो, त्याची कार्ट्रिज वेळेवर बदलली तरच. नळ बदलला असेल तर नवा पितळी नळ सुरुवातीला थोडं शिसं सोडू शकतो, म्हणून काही दिवस पाणी वाहू द्या आणि मग त्याच नंबरची बाटली परत लॅबला पाठवा. रिपोर्ट येईपर्यंत तो नळ हात धुवायलाच ठेवा.