मिडी फाइलमधील नको असलेले टेम्पो-बदल काढताना

संगीत संयोजनाचे काम शिकत असताना माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम अगदी किरकोळ वाटावे असे होते. एका भावगीताच्या मिडी फाइलमध्ये (अशा फाइलमध्ये आवाज नसतो, कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या सूचना असतात) जवळजवळ प्रत्येक बारला, म्हणजे मात्रांच्या ठरावीक गटाला, टेम्पो (मिनिटाला किती मात्रा ती गती) बदलत होता, कुठे ९४.३७ तर कुठे ९७.०२, तो ९६ वर स्थिर करायचा होता, म्हणजे त्यावर तबल्याचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा मुद्रित तुकडा) बसवता आला असता. मी क्यूबेस या संगीत-संयोजनाच्या सॉफ्टवेअरच्या टेम्पो ट्रॅकमधील पहिली नोंद सोडून बाकीच्या साऱ्या पुसल्या. वाद्ये लुपाशी नेमकी जुळली, मात्र आधीच ध्वनिमुद्रित झालेला गायिकेचा आवाज प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मात्रेवर येई आणि ओळ संपेपर्यंत ठेक्यापासून सुटत जाई.

याचे कारण नवोदितांनी नीट समजून घ्यावे. मिडीतील स्वरांची जागा सेकंदांत नव्हे, तर टिक्समध्ये, म्हणजे मात्रेच्या बारीक भागांत, नोंदलेली असते (एका क्वार्टर नोटला, म्हणजे इथे एका मात्रेला, बहुधा ४८०), आणि टेम्पोच्या नोंदीत एक क्वार्टर नोट किती मायक्रोसेकंदांची, एवढेच लिहिलेले असते; १२० च्या गतीला हा आकडा ५,००,००० असतो. त्यामुळे टेम्पो पुसला तरी स्वर आपल्या बारमध्येच राहतात, पण मुद्रित आवाज सेकंदांना बांधलेला असल्याने मागेपुढे होतो. सगळ्याच नोंदी पुसल्या, तर ती फाइल इतरत्र १२० च्या गतीने वाजते, म्हणून पहिली नोंद राखावी.

म्हणून आता मी आधी काही पुसत नाही. टेम्पो ट्रॅक नुसता बंद करून स्थिर गतीवर पूर्ण गाणे ऐकतो.

खरी कसोटी क्लिकशिवाय, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्याशिवाय, वाजवलेल्या फाइलची. तिच्यात टेम्पो एकच दिसतो, पण स्वर बाररेषांवर पडत नाहीत, त्यामुळे पुसण्यासारखे काहीच नसते. अशा वेळी उलट्या वाटेने जावे लागते: ट्रॅक आधी लिनिअर टाइमबेसवर (स्वर सेकंदांना बांधलेले) ठेवून प्रत्येक बाररेष वाजवलेल्या समेवर ओढून आणायची, म्हणजे टेम्पोचे बदल आपणच घालायचे, आणि मग ट्रॅक म्युझिकल टाइमबेसवर (स्वर बार-मात्रांना बांधलेले) आणून ते सपाट करायचे. चार मिनिटांच्या गाण्याला यात सहज एक दुपार जाते.

शेवटच्या दोन बारांतील मंदावणारी गती मात्र मी हाताने परत लिहितो. गायक समेवर विसावत असताना तिथे स्थिर क्लिक कानाला खुपतो.