नुसता प्लग काढून भागत नाही
मागच्या मे महिन्यात वळवाने आमचा राउटर आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड दोन्ही जाळले. प्लग काढलेले होते, बरं का! वीज शिरली ती गच्चीवरून येणाऱ्या इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतून. तेव्हापासून आभाळ भरून आलं की आधी लॅनची म्हणजे इंटरनेटची वायर, मग डिशची केबल, मग प्लग. बटण बंद करणं पुरत नाही. त्यातल्या एवढ्याशा फटीवरून वीज सहज उडी मारते. स्पाइक गार्डही (अचानक वाढलेला विजेचा दाब अडवणारा बोर्ड) जवळ पडलेल्या विजेपुढे टिकत नाही.

चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. मग वायरींना हात लावायचा नाही, जळलं तर जळू दे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्ध्या तासाने जोडते. नातू कुरकुरतो.