फेजच्या जीनोममधले जीन शोधताय? आधी हे वाचा

बडोद्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी आणलं (मगरी आहेत, काठावरूनच बाटली बुडवा), प्लाक (फेज म्हणजे बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस, त्याने बॅक्टेरियाच्या थरात पाडलेले गोल डाग) आले, डीएनए काढला, सिक्वेन्स पण आला, आणि आता चाळीस-पन्नास हजार अक्षरांची फाईल उघडून नुसतं बघत बसलात, बरोबर ना? मी पण अशीच बसले होते, दांडिया बाजारातल्या खोलीवर, बाहेर गणपतीचे ढोल आणि आत ए टी जी सी.

सगळ्यात आधी, फाईल जिथून सुरू होते तिथूनच जीनोम सुरू होतो असं धरू नका. असेंबली (सिक्वेन्सचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) कुठेही कापते आणि एखादा जीन अर्धा शेवटी, अर्धा सुरुवातीला जातो. फेजची टोकं लॅम्डा या प्रसिद्ध फेजसारखी ठरलेली असतील तर ती तशीच ठेवा, नाहीतर फाईल फिरवून टर्मिनेजच्या (डीएनए फेजच्या डोक्यात भरणारं प्रोटीन, त्याच्या जीनच्या) जरा आधीपासून सुरू करा, म्हणजे दुसऱ्या फेजशी ताडून बघताना डोकं धरावं लागत नाही.

मग जीन शोधणारे प्रोग्रॅम. ग्लिमर, जीनमार्क, प्रॉडिगल हे मुळात बॅक्टेरियासाठी बनवलेले, फॅनोटेट खास फेजसाठी. जेनेटिक कोड ११ नंबरचा (बॅक्टेरिया आणि त्यांच्या फेजचा) लावा. फॅरोक्का हे फेजसाठीचं टूल चालवलंत तर जीन, टीआरएनए, फंक्शनचा अंदाज, सगळं एका झटक्यात मिळतं, आणि इथेच लोक फसतात कारण आऊटपुट फार छान दिसतं. एकाच्या भरवशावर राहू नका, दोन-तीन चालवा आणि जिथे त्यांचं जमत नाही ती जागा स्वतः डोळ्यांनी बघा.

प्रोग्रॅमचं भांडण बहुतेक वेळा स्टार्टवरून, म्हणजे जीन कुठल्या तीन अक्षरांपासून सुरू होतो यावरून असतं. स्टॉप सगळ्यांचा एकच निघतो, पण स्टार्ट एटीजी असू शकतो, जीटीजी किंवा टीटीजी पण. माझ्याकडे एका जीनला ग्लिमर म्हणे ४१२० पासून, जीनमार्क म्हणे ४१६५ पासून. आधीचा जीन ४१२३ ला संपत होता. म्हणजे ४१२० धरलं तर दोन्ही जीन चार अक्षरांनी एकमेकांवर चढतात: एटीजीए, त्यात एटीजी नव्याचा स्टार्ट आणि टीजीए जुन्याचा स्टॉप. बघून वाटतं काहीतरी चुकलं, पण फेजमध्ये हे अगदी नेहमीचं, जागा वाया घालवत नाहीत हे लोक. ४१६५ धरलं तर मध्ये ४१ अक्षरं उगाच रिकामी राहतात. मी ४१२० ठेवला, पण त्याआधी रायबोसोम (प्रोटीन बनवणारं पेशीतलं यंत्र) बसायची जागा आहे का आणि जवळच्या फेजमध्ये हाच स्टार्ट आहे का ते बघून घेतलं. १९७७ साली सँगरच्या टीमने फाय एक्स १७४ या फेजचा जवळपास ५,४०० अक्षरांचा जीनोम वाचला तेव्हा तर एका जीनच्या पोटात अख्खा दुसरा जीन सापडला होता, फक्त फ्रेम (तीन-तीन अक्षरांचे गट कुठून पाडायचे ते) वेगळी.

आणखी एक जागा प्रोग्रॅम हमखास चुकवतात. लांब शेपटीच्या फेजमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात लांब जीन असतो टेप मेझरचा, तो जेवढा लांब तेवढी शेपटी लांब. त्याच्या लगेच आधी दोन छोटे जीन दिसतील. लॅम्डात तिथे रायबोसोम कधीकधी एक अक्षर मागे घसरतो आणि दोन्ही मिळून एक मोठं प्रोटीन बनतं. प्रोग्रॅमला हे घसरणं कळत नाही, तुम्हालाच हाताने मार्क करावं लागतं.

आता नावं. इथे मी मार खाल्लाय. ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायचा सर्च) पहिला हिट आला 'टेल फायबर' (शेपटीचा धागा), मी कॉपी पेस्ट करून मोकळी. गाईडनी विचारलं, किती लांबी जुळली? बघितलं तर शेवटचा एक तुकडा फक्त. आणि ज्याच्याकडून नाव उचललं त्यानेही ते आणखी कुणाकडून उचललेलं. तेव्हापासून जुळणी प्रोटीनच्या बहुतेक लांबीवर असेल तरच नाव देते, शंका असेल तर एचएचप्रेडला (लांबचे नातेवाईक शोधणारं टूल) टाकते, शेजारी कोण आहे ते बघते (टर्मिनेज, पोर्टल म्हणजे डीएनए आत जायचं दार, कॅप्सिड म्हणजे डोक्याचं कवच, शेपटी, यांचे जीन साधारण ओळीने येतात), तरीही जमलं नाही तर सरळ 'हायपोथेटिकल प्रोटीन', म्हणजे काम माहीत नाही. अर्ध्याहून जास्त तसेच निघाले तर लाजू नका, सगळ्यांचे निघतात.

फेज थेरपीचा, म्हणजे फेज औषध म्हणून वापरायचा विचार असेल तर इंटिग्रेज (फेजचा डीएनए बॅक्टेरियाच्या डीएनएत घुसवणारं प्रोटीन) आणि रिप्रेसर (फेजचे जीन बंद ठेवणारं) यांचे जीन आधी शोधा, सापडले तर तो फेज बॅक्टेरियाच्या जीनोममध्ये जाऊन गुपचूप बसणारा असू शकतो, औषधासाठी दुसरा बघा. टॉक्सिन आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्सचे जीन फॅरोक्का तपासतं, ती फाईल उघडून बघा, रिकामी आहे असं गृहीत धरू नका.

आणि कुठला स्टार्ट का बदलला ते त्याच दिवशी एक्सेलमध्ये लिहा. मी नाही लिहिलं, सबमिशनच्या आदल्या रात्री ७१ जीन परत पहिल्यापासून बघितले.