घरचं सोयाबीन कोंबड्यांना घालताय? मग या चुका टाळा

सोयाबीनचा भाव पडला की पलूस-कडेगाव भागात पोती घरातच राहतात. मग "विकण्यापेक्षा कोंबड्यांना घालू" असं ठरतं. घाला, पण कच्चं दळून घालू नका. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं. पक्षी खाद्यावर तुटून पडत होते, पण वजन धरेनात आणि विष्ठाही पातळ.

कोंबडीच्या आतड्याला अख्खं प्रथिन शोषता येत नाही. ट्रिप्सिनसारखे पाचक रस आधी त्याचे तुकडे करतात. मग सुटी अमिनो आम्लं (ज्यांची मिळून प्रथिनं बनतात ते छोटे घटक) आणि दोन-तीन आम्लांच्या छोट्या साखळ्या लहान आतड्याच्या भिंतीतून आत जातात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनलाच अडवणारा घटक असतो. प्रथिनं फुटतच नाहीत, आणि जास्त ट्रिप्सिन सोडून सोडून स्वादुपिंड सुजतं.

भाजल्यावर हा घटक निकामी होतो. पण दाणा काळपट होईपर्यंत भाजला तर त्यातलं लायसिन हे अमिनो आम्ल साखरेला चिकटून बसतं, ते कोंबडीच्या उपयोगी पडत नाही. लायसिन तिला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, म्हणून हे नुकसान मोठं. भाजणं नीट झालं का, हे घरी बघता येतं. चमचाभर भरडा, चिमूटभर युरिया आणि थोडं कोमट पाणी बाटलीत घालून झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटांनी उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास नाकात गेला तर दाणा अजून कच्चा आहे. बाटलीतलं मिश्रण लांब फेकून द्या, युरिया जनावरांच्या तोंडी लागता कामा नये.

लिटर, म्हणजे शेडमधलं तुसाचं अंथरूण, ओलं होतंय म्हणून खाद्यातलं मीठ बंद करणारेही बरेच आहेत. असं करू नका. बरीचशी अमिनो आम्लं सोडियमचा हात धरूनच आतड्याच्या पेशीत शिरतात. आधी पाण्याचं निप्पल गळतंय का ते बघा.

विष्ठेत रक्त दिसत असेल तर कॉक्सिडिओसिसची, म्हणजे आतड्यातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची, शंका घ्या. त्यात आतड्याच्या अस्तराचीच नासाडी होते, तेव्हा प्रथिनं वाढवून काही हाती लागत नाही. पशुवैद्यकांना दाखवा आणि तूस बदला.

वजन येत नाही म्हणून लायसिनची पावडर अंदाजाने ओतू नका. लायसिन आणि आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल आतड्यात एकाच दाराने आत जातात. एकाची गर्दी झाली की दुसरं मागे पडतं, आणि कोंबडीला आर्जिनिनही खाद्यातूनच मिळवावं लागतं.