अपडेटचं बटण दाबण्याआधी

फोटोशॉप आणि लाइटरूम या ॲडोबी कंपनीच्या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती बहुतेक वर्षी ऑक्टोबरात येते. त्यानंतर महिन्याभरात तुळशीचं लग्न लागतं आणि ठाणे-नवी मुंबईतल्या हॉलच्या तारखा धडाधड भरायला लागतात. म्हणजे नवं सॉफ्टवेअर दारात येतं ते नेमकं लग्नाचे फोटो काढणाऱ्याला मशीन एक दिवस बंद ठेवणंही परवडत नाही तेव्हा. म्हणून सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. आषाढी एकादशीपासून दहीहंडीपर्यंतचे सहा-एक आठवडे त्यातल्या त्यात मोकळे असतात. एकदा हंड्या बांधल्या की मागोमाग गणपती, नवरात्रात टेंभीनाक्याची देवी, दिवाळी पहाट. ऑक्टोबरातली आवृत्ती पुढच्या आषाढात घेतली म्हणून काही बिघडत नाही. तोवर तिचे सुरुवातीचे दोष तरी दुरुस्त झालेले असतात.

मग एक कागद घ्या आणि अपग्रेड कशासाठी हवं ते एका ओळीत लिहा. ‘नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल) उघडत नाही’ हे कारण झालं. ‘नॉइज (कमी उजेडातल्या फोटोत दिसणारे दाणे) काढण्यात प्रत्येक लग्नामागे दोन रात्री जातात’ हेही झालं. ‘अपडेट घ्या म्हणून सारखी सूचना येते’ हे कारण नव्हे. ओळ लिहिता आली नाही तर विषय तिथेच संपला, जुन्यावरच काम चालू ठेवा.

कॅमेऱ्याचं कारण सगळ्यात खरं, पण त्यालाही पळवाट आहे. लाइटरूम ६ हे एकदाच पैसे भरून मिळणारं ॲडोबीचं शेवटचं लाइटरूम. ते २०१५ मध्ये आलं आणि डिसेंबर २०१७ नंतर त्याला अपडेट मिळालं नाही. कॅननची सीआर३ ही रॉ फाइल आली २०१८ मध्ये, एम५० कॅमेऱ्याबरोबर. त्यामुळे लाइटरूम ६ला सीआर३ कळतच नाही, आणि लोक उगाच कार्ड खराब झालं म्हणून रिकव्हरीवाल्याकडे धावतात. ॲडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, ते कॅमेऱ्याची रॉ फाइल डीएनजी या ॲडोबीच्या रॉ प्रकारात बदलतं. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी जुन्या आवृत्तीची निवडायची आणि अख्खं फोल्डर एकदम डीएनजी करून घ्यायचं. रविवारी येऊरच्या जंगलात जाऊन पन्नास फोटो काढणाऱ्याला एवढं पुरतं. लग्नामागे तीन हजार फ्रेम मारणाऱ्याला मात्र हा जादा फेरा आणि डिस्कवरची दुप्पट जागा परवडत नाही. त्याने अपग्रेडच बघावं.

नॉइजचं कारण असेल तर आधी मशीन तपासा. वर्गणीवर मिळणाऱ्या लाइटरूम क्लासिकमधलं एआय डिनॉइज, म्हणजे नॉइज काढण्याची सोय, एप्रिल २०२३ मध्ये आलं. ते रॉ फाइलसाठी आहे. रॉ उडवून नुसत्या जेपीजी ठेवल्या असतील तर त्यांच्यासाठी त्याचा उपयोग नाही. सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) उघडा आणि ‘डेडिकेटेड’ मेमरी किती ते पाहा. ८ जीबी असेल तर निर्धास्त. वेगळं कार्डच नसेल तर एकेका फोटोला मिनिटं लागतात. समजा ऐरोलीच्या खाडीत पहाटे फ्लेमिंगो टिपलेत, अंधुक उजेडामुळे आयएसओ ६४००, ४०० फ्रेम. फोटोमागे दोन मिनिटं धरली तर ८०० मिनिटं झाली, म्हणजे तेरा तास वीस मिनिटं. हा हिशोब अंदाजाने करू नका. सात दिवसांची ट्रायल दुसऱ्या मशीनवर टाका, स्वतःच्या दहा सगळ्यात वाईट फाइल घ्या आणि घड्याळ लावा. कधी कधी कळतं की पैसे सॉफ्टवेअरवर नाही, कार्डावर आणि १६ जीबी रॅमवर घालायला हवेत. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. मशीन ११वर जाणार नसेल तर सॉफ्टवेअरचा खर्च हा मोठ्या खर्चाचा नुसता पहिला हप्ता समजा.

आता कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नोंद आणि त्यांच्यावर केलेलं काम साठवणारी लाइटरूमची फाइल. लाइटरूमची मोठी आवृत्ती बदलली की ती जुना कॅटलॉग तसाच ठेवून त्याची नव्या पद्धतीची प्रत बनवते. हा रस्ता एकेरी आहे. नव्या कॅटलॉगमध्ये आठवडाभर काम केलंत आणि मग जुन्या आवृत्तीकडे परतलात, तर तो आठवडा तिथे दिसणार नाही, कारण जुनं सॉफ्टवेअर नवा कॅटलॉग उघडतच नाही. म्हणून लाइटरूम पूर्ण बंद करा आणि कॅटलॉगचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी ‘लॉक’ असलेली छोटी फाइल दिसत असेल तर लाइटरूम अजून चालू आहे (किंवा मागच्या वेळी लाइट जाऊन ते अर्धवट बंद पडलंय). अशा वेळी केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. एलआरकॅट या कॅटलॉगच्या मुख्य फाइलच्या शेजारी ‘एलआरकॅट-डेटा’ नावाचं जे असतं तेही घ्या. मास्कचा (फोटोच्या ठरावीक भागापुरत्या बदलांचा) डेटा त्यात असतो, आणि बरेच जण नेमकं तेच मागे सोडतात. प्रीव्ह्यू नाही घेतले तरी चालतं, ते पुन्हा बनतात.

बाहेर पडताना लाइटरूम जो बॅकअप विचारतं तो फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नव्हे. शिवाय सेटिंग बदललं नसेल तर तो त्याच डिस्कवर, कॅटलॉगच्या शेजारी जाऊन बसतो. डिस्क गेली की दोन्ही गेले.

जोडीला सगळे फोटो निवडून मेटाडेटा (फोटोसोबतची माहिती) फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. त्याने रॉच्या बाजूला एक्सएमपी फाइल तयार होते आणि स्लायडर, कीवर्ड, स्टार तिच्यात उतरतात. कलेक्शन (निवडक फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची दुसरी, वेगळी केलेली नोंद) आणि हिस्टरी उतरत नाहीत. पार्टीने निवडलेले दीडशे फोटो नुसत्या कलेक्शनमध्ये ठेवले असतील तर त्यांना आधी एखादा कीवर्ड द्या. आणखी एक: जुन्या फोटोंना ‘प्रोसेस व्हर्जन’ (रंग-टोन काढण्याची पद्धत) अपडेट करायचं का असं विचारलं तर सरसकट हो म्हणू नका. अल्बममध्ये छापून गेलेल्या फोटोचा टोन बदलला, की वर्षभराने एकच फ्रेम मोठी करून मागणाऱ्या पार्टीला वेगळा रंग मिळतो.

लाइटरूमचं निस्तरता येतं, अल्बममधलं मराठी निस्तरताना मात्र घाम फुटतो. ‘चि. सौ. कां.’च्या पुढे नाव टाइप केलं आणि ‘कीर्ती’मधला रफार सुटून शेजारी पडला किंवा ‘विवाह’ची वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसली, तर फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉपच्या बऱ्याच आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळवायची तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात त्यासाठीचा पर्याय लागतो. आवृत्तीनुसार तो ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ किंवा ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ या नावाने दिसतो. नव्या आवृत्तीत जुनी प्रेफरन्सेस आली नाहीत तर हे सेटिंग मूळ पदावर जातं. आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं.

त्याहून मोठा घोळ जुन्या फॉन्टांचा. पीएफबी आणि पीएफएम अशा जोड्यांनी येणारे टाइप १ फॉन्ट ॲडोबीने बंद केलेत, जानेवारी २०२३पासून तिच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना आधार नाही. फॉन्ट फोल्डर उघडून या जोड्या शोधा. टीटीएफ फॉन्ट चालतात, पण युनिकोड नसलेल्या टीटीएफमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट हरवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन बसतो. वधूवरांच्या आजी-आजोबांसकट सगळी नावं पुन्हा टाइप करायची म्हणजे प्रूफ पुन्हा पार्टीकडे पाठवणं आलं. म्हणून फॉन्ट फोल्डरचीही कॉपी ठेवा, आणि छापून झालेल्या अल्बमच्या पीएसडीबरोबर (फोटोशॉपची थरांची फाइल) प्रत्येक पानाची सपाट जेपीजी असू द्या.

ट्रायलमध्ये जुन्या अल्बमच्या पाच पीएसडी उघडून बघा. १२ बाय ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलचं होतं. ते उघडायला आणि सेव्ह व्हायला किती वेळ लागतो ते जुन्या मशीनशी ताडून पाहा. मजकुराचा थर अपडेट करायचा का असं विचारलं तर आधी फाइलची कॉपी करा, मगच हो म्हणा. ओळी सरकू शकतात. नंतर रोजच्या ॲक्शन (साठवून ठेवलेल्या कृती) आणि प्लगइन (जोडीची छोटी सॉफ्टवेअर) एकेक चालवा. ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीजी दिसत नाही म्हणून घाबरू नका. २०२१पासून ती ‘सेव्ह अ कॉपी’मध्ये गेलीय, आणि प्रेफरन्सेसच्या फाइल हँडलिंगमध्ये जुनी पद्धत परत आणायची सोय आहे.

पैशांचं बघताना वर्गणीच्या महिन्याच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का ते पाहा. स्टुडिओची नोंदणी असेल तर खात्यात जीएसटी नंबर आधीच भरा, नाहीतर बिल वैयक्तिक नावाने येतं आणि इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) सुटतं. ‘वार्षिक, पण दरमहा भरायचा’ हा प्लॅन महिन्याचा नसतो. पहिल्या १४ दिवसांनंतर तो सोडला तर उरलेल्या रकमेवर दंड बसतो. कार्डाची मुदत सीझनच्या मध्यात संपत नाही ना तेही पाहा. कार्ड बदललं की जुना ऑटो-डेबिट चालत नाही आणि वर्गणी खंडित होते. मग फोटोशॉप उघडत नाही. लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो बघता आणि एक्स्पोर्ट करता येतात, पण डेव्हलपला, म्हणजे फोटो सुधारायच्या भागाला, कुलूप लागतं.

वर्गणीच नको असेल तर डार्कटेबल फुकट आहे, जिंपची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि ॲफिनिटीही ऑक्टोबर २०२५पासून फुकट झालंय. स्टार आणि कीवर्ड बरोबर नेता येतात. लाइटरूममध्ये केलेलं स्लायडरचं काम मात्र बहुतेक मागेच राहतं. नव्या कामापासून सुरुवात करा, जुनं जिथे आहे तिथे राहू द्या.

एवढं करूनही अपग्रेड करायचं ठरलं तर महावितरणचा दुरुस्तीचा मेसेज आलेला दिवस टाळा आणि मशीन यूपीएसवर ठेवा. कॅटलॉगची नवी प्रत बनत असताना लाइट गेली तर ती प्रत बिघडू शकते. ॲडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमध्ये ऑटो-अपडेट बंद करा. इन्स्टॉल करताना प्रगत पर्याय उघडून ‘जुनी आवृत्ती काढा’वरची खूण काढा आणि जुनी सेटिंग्ज आणण्याची खूण राहू द्या. फोटोशॉपच्या दोन्ही आवृत्त्या एका मशीनवर सुखाने नांदतात, लाइटरूम क्लासिकची नवी आवृत्ती मात्र जुनीच्या जागी बसते. नव्यावर एक छोटं काम, बारसं किंवा डोहाळजेवण, निवडीपासून लॅबच्या प्रिंटपर्यंत पूर्ण करा. प्रिंट हातात येईपर्यंत जुनं फोटोशॉप काढू नका आणि कॅटलॉग कॉपी केलेली डिस्क पुसू नका.