झाड रत्नागिरीत, टिंब समुद्रात: झाडांच्या नकाशातल्या या चुका टाळा

आमच्या पाखाडीतला वड नकाशावर थेट अरबी समुद्रात दिसला, विजयदुर्गच्या पलीकडे. वहीत अक्षांश-रेखांश नीट होते: १६ अंश ५९ मिनिटं, ७३ अंश १८ मिनिटं. एक्सेलमध्ये भरताना मीच ते १६.५९ आणि ७३.१८ केले. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. खरे आकडे १६.९८३ आणि ७३.३. तेवढ्यानेच वड सुमारे ४५ किलोमीटर सरकला.

दुसरी गंमत क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथे एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. उलट भरलंत तर सगळी रत्नागिरी नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात. दशांशानंतर पाच आकडे ठेवा. चौथ्या आकड्याची एक पायरी ११ मीटरची, म्हणजे शेजाऱ्याची पोफळ तुमच्या आगरात. आधीच बांधावरून वाद कमी आहेत का!

दाट माडांखाली मोबाइलचं जीपीएस भरकटतं. बुंध्याशी उभं राहून अचूकतेचा आकडा पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. नाहीच आला तर उपग्रहचित्रावर शेंडा ओळखून तिथे टिंब द्या.

नावांचा घोळ मात्र माणसांचा. एकाने 'नारळ' लिहिलं, दुसऱ्याने 'माड', तिसऱ्याने भेरली माडालाही, जे झाडच वेगळं, नुसतं 'माड'. मोजणी संपली तेव्हा गावात नारळ किती, हे कुणालाच सांगता येईना. नावं टाइप करू देऊ नका, ठरलेल्या यादीतूनच निवडायला लावा. आणि बुंध्याभोवती टेप लावून येतो तो घेर, व्यास नव्हे. तो जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्या.

खाडीकाठची तिवरं एकेक मोजत बसू नका, पट्ट्याची हद्द आखा. दोन वर्षांची उपग्रहचित्रं ताडताना भरती-ओहोटी बघा. एक चित्र भरतीचं, दुसरं ओहोटीचं असेल तर कांदळवन उगाच घटलेलं किंवा वाढलेलं दिसतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका १० मीटरचा, त्यात बांधावरची तिवरांची एकेरी रांग हरवते. सड्याचं, म्हणजे कातळ पठाराचं, चित्र सप्टेंबरचं घेतलंत तर कातळावरचं गवतही हिरवं दिसतं आणि संगणक त्याला झाडोरा समजतो. एप्रिलचं घ्या.

पडलेल्या झाडाची एक्सेलमधली ओळ पुसू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं. तिथे काय होतं आणि काय उरलं हे जुन्या ओळींवरूनच कळणार. 'स्थिती' या रकान्यात 'पडलं' लिहा, शेजारी तारीख.