कोयत्यातील बाईची मजुरी वेगळी कशी मांडावी

ऊसतोडीत दर टनावर ठरतो आणि मजूर कोयत्यावर मोजला जातो: नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. त्यामुळे बाईला कमी दर दिला असे कागदावर कधीच दिसत नाही, कारण तिचा दर मुळात लिहिलेलाच नसतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, तेव्हा ती वाढही कोयत्याच्याच पदरी पडली. म्हणून तफावत मोजण्याआधी बाईचा हिस्सा वेगळा काढावा लागतो.

यातले सर्वांत मोलाचे काम हंगामाआधी, उचल (मजुरीपोटी आगाऊ मिळणारी रक्कम) घेतानाच करायचे असते. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा ठेकेदार, बहुधा नवऱ्याच्या हाती पैसे देतो आणि लिखापढीवर अंगठाही त्याचाच घेतो. त्या कागदावर दोघांची नावे, प्रत्येकाच्या नावापुढे उचलीची स्वतंत्र रक्कम आणि बाईची रक्कम तिच्याच बँक खात्यात जमा करण्याची अट लिहून घ्यावी. रक्कम न विभागता नुसता तिचा अंगठा मागितला, तर मात्र तो देऊ नये. पैसा एकाच्या हातात आणि फेड दोघांच्या माथी, असा तो व्यवहार होतो.

फडावर असताना रोज तारीख, काटा पावतीवरचे वजन आणि तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे यांपैकी कोणी काय केले, हे वहीत लिहावे. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. खाडा (कामावरची गैरहजेरी) कोणाचा झाला, कशामुळे झाला आणि त्यापोटी किती रुपये कापले, हेही नोंदवावे, कारण पाळी किंवा आजारपणातल्या सुट्टीचा दंड नंतरच्या हिशेबात बेमालूम मिसळून जातो. वाढ्यांचे, म्हणजे चाऱ्यासाठी विकल्या जाणाऱ्या उसाच्या शेंड्यांचे, पैसे वेगळ्या पानावर ठेवावेत.

हिशेब सोपा आहे. समजा, हंगामात २०० टन ऊस तुटला आणि दर टनाला ३६० रुपये असला, तर कोयत्याचे ७२,००० रुपये होतात आणि बाईचे ३६,०००. यातून फक्त तिच्या नावावरची उचल वजा करावी आणि प्रत्यक्ष तिच्या हाती काय आले, ते शेजारी लिहावे.

१९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असलेल्या कामाच्या मजुरीत ती लिंगावरून भेद करू देत नाही, आणि बरोबरी साधण्यासाठी पुरुषाची मजुरी कमी करण्यासही मनाई करते. थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि मजुरी दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. मालक कोण, यावर मुकादम कारखान्याकडे आणि कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. म्हणून अर्जात दोघांचीही नावे घालावीत आणि वहीच्या पानांच्या प्रती सोबत जोडाव्यात.